अष्टमानातल्या पूर्ण संख्या: एककाचा अंक काय काय सांगतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अष्टमान म्हणजे द्विमानाचं (२ च्या पायावरच्या, फक्त ० आणि १ यांच्या लेखनाचं) आखूड रूप एवढंच, की पूर्ण संख्या ८ च्या पायावर लिहिल्या की त्यांचे काही वेगळे गुणधर्म नजरेस येतात? शिवाय ३, ५, ७, ९ यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या अष्टमानात कशा लावायच्या, आणि संगणकाच्या कामात हेक्साडेसिमल (१६ च्या पायाचं लेखन) रुळलेलं असताना अष्टमानाकडे वळायचं कशाला?

मी संख्या सिद्धांत शिकवतो आणि तिथे अष्टमान आवर्जून वापरतो. विषम संख्यांचे वर्ग, मूळ संख्यांचं वर्गांच्या बेरजेशी असलेलं नातं, परिपूर्ण संख्यांची घडण, या सगळ्यांत ८ ने भागल्यावर काय बाकी उरते याला फार महत्त्व आहे. दशमानात ती बाकी काढावी लागते. अष्टमानात ती एककस्थानी उघड लिहिलेली असते. द्विमानाचं आखूड रूप ही अष्टमानाची सोय आहे खरी, पण मला त्याची किंमत वाटते ती या एककाच्या अंकामुळे.

खुणेसाठी एक संकेत ठरवू. अष्टमानात लिहिलेली संख्या मी चौकटी कंसात देईन. [३१] म्हणजे तीन आठ आणि एक, अर्थात २५. कंस नसेल तर संख्या नेहमीची, दशमानातली. अष्टमानात अंक ० ते ७, आणि स्थानिक किमती उजवीकडून १, ८, ६४, ५१२, ४०९६ अशा वाढत जातात.

पुढे जाण्याआधी एक भेद मनात पक्का हवा. काही गुणधर्म संख्येचे असतात, काही तिच्या लेखनाचे. २३ ही मूळ संख्या आहे; ती [२७] अशी लिहिली म्हणून तिचे अवयव पडत नाहीत. सम-विषम, मूळ-संयुक्त, पूर्ण वर्ग असणं, परिपूर्ण असणं, हे पाया बदलल्याने बदलत नाही. उलट अंकांची बेरीज किती, सगळे अंक सारखे आहेत का, डावीकडून आणि उजवीकडून संख्या सारखीच वाचली जाते का, हे सगळं लेखनावर अवलंबून. निव्वळ लेखनाच्या गमतीजमती कुठल्याही पायात ढिगाने सापडतात आणि त्यांत मला फारसा रस नाही. जिथे लेखनातली खूण संख्येच्या आतल्या गुणधर्माचा पत्ता देते, तिथे खरी मजा आहे. खाली मी तेवढंच घेतो.

विभाज्यतेपासून सुरुवात करू. २, ४ आणि ८ यांचा निकाल एककाचा अंक पाहूनच लागतो, कारण डावीकडची सगळी स्थानं ८ च्या पटीतली आहेत. दशमानात ९ जे काम करतो ते इथे ७ करतो. ८ म्हणजे ७ अधिक १, त्यामुळे ८ च्या कुठल्याही घाताला ७ ने भागलं तर बाकी १ उरते, आणि म्हणून संख्येला ७ ने भागल्यावरची बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ७ ने भागल्यावरची बाकी एकच. दशमानातली ११ ची कसोटी इथे ९ कडे, म्हणजे [११] कडे जाते: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि त्यांचा फरक ९ ने भागून पाहायचा. हाच फरक ३ ने भागला गेला तर संख्या ३ ने विभाज्य. दशमानात ३ साठी नुसती बेरीज पुरते, इथे फरक घ्यावा लागतो. अष्टमान पहिल्यांदा शिकणारे इथे हमखास घोटाळतात. या सगळ्यामागचं तत्त्व कुठल्याही पायाला लागू पडतं, आणि ब्लेझ पास्कलने ते सतराव्या शतकातच सर्वसाधारण रूपात मांडलं होतं.

५ साठी एकेक अंक पुरत नाही, अंकांच्या जोड्या कराव्या लागतात. ६४ अधिक १ म्हणजे ६५, आणि ६५ म्हणजे ५ गुणिले १३. त्यामुळे उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडून एकाआड एक गटांच्या बेरजांचा फरक घेतला, की एकाच फटक्यात ५ आणि १३ या दोन्हींची परीक्षा होते. तीन-तीन अंकांचे गट केले तर ५१३ कामाला येतो, आणि ५१३ म्हणजे २७ गुणिले १९.

उदाहरण म्हणून १९९५ घेऊ. अष्टमानात ती [३७१३]. अंकांची बेरीज १४, म्हणून ७ ने भाग जातो. एकाआड एक बेरजा: ३ आणि ७ मिळून १०, १ आणि ३ मिळून ४, फरक ६; म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. जोड्या [३७] आणि [१३], म्हणजे ३१ आणि ११, फरक २०; ५ ने भाग जातो, १३ ने नाही. तीन अंकांचे गट [३] आणि [७१३], म्हणजे ३ आणि ४५९, फरक ४५६. तो १९ च्या चोवीस पट आहे. खरोखरच १९९५ चे अवयव ३, ५, ७ आणि १९ आहेत. चार अंकांच्या संख्येचे सगळे मूळ अवयव केवळ बेरीज-वजाबाकीने हाती आले.

११ मात्र अष्टमानात अडवणूक करतो. ८ चा घात ११ च्या पटीपेक्षा एकने कमी निघायला पाचव्या घातापर्यंत जावं लागतं, म्हणजे पाच-पाच अंकांचे गट. त्यापेक्षा दुसरी युक्ती बरी: एककाचा अंक खोडा आणि उरलेल्या संख्येतून त्याची चौपट वजा करा. आधीची संख्या ३३ ने विभाज्य असेल तर आणि तरच उत्तर ३३ ने विभाज्य असतं, आणि तेच ३३ च्या अवयवांना, म्हणजे ३ आणि ११ यांनाही लागू. कारण ३३ म्हणजे [४१]. १००१ घ्या, ती [१७५१]. एक खोडला, [१७५] मधून ४ गेले, [१७१] उरले. पुन्हा एक खोडला, [१७] मधून ४ गेले, [१३] उरले, म्हणजे ११. भाग जातो.

आता संगणकाचा भाग, तो लवकर संपवतो. ८ हा २ चा घन असल्यामुळे अष्टमानातला एक अंक म्हणजे बरोबर तीन बिट, म्हणजे द्विमानातले तीन अंक. ज्या यंत्रांत शब्दाची, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं त्या बिटांच्या गटाची, लांबी १२, १८ किंवा ३६ बिट होती तिथे अष्टमान चपखल बसायचं. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या संगणकाचा बारा बिटांचा शब्द चार अंकांत मावायचा. पुढे आठ बिटांचा बाइट सर्वमान्य झाला, आणि ८ ला ३ ने भाग जात नाही. एका बाइटमधली सर्वांत मोठी संख्या [३७७]. पण असे दोन बाइट शेजारी ठेवले की होते [१७७७७७], त्यात [३७७] दोनदा कुठेच वाचता येत नाही. हेक्साडेसिमलमध्ये ही अडचण नाही, म्हणून ते रुळलं, आणि ते योग्यच झालं. अष्टमान टिकलं ते जिथे तीन-तीन बिटांचे नैसर्गिक गट आहेत तिथे. युनिक्स या संगणक प्रणालीमधल्या फाइलच्या परवानग्यांत वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, म्हणून [७५५] वाचताक्षणी समजतं. विमानाच्या ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) चार अंकी कोडही अष्टमानातला असतो. एकूण कोड ४०९६ आणि त्यांत ८ किंवा ९ कधीच येत नाही. सी भाषेत आकड्याच्या सुरुवातीला शून्य लिहिलं की तो अष्टमानातला समजला जातो, म्हणून ०१० ची किंमत तिथे आठ होते आणि ०९ लिहिलं तर कंपायलर चूक दाखवतो.

संगणकाच्याच क्षेत्रातली एक युक्ती मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात वरची विभाज्यता अगदी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. द्विमानात लिहिलेल्या संख्येत १ किती वेळा आला आहे हे मोजायचं आहे. एमआयटीतून १९७२ साली निघालेल्या हॅकमेम या टिपणसंग्रहात ते असं केलं आहे. अष्टमानातला कोणताही एक अंक घ्या. त्यातून त्याची निम्मी आणि त्याची पाव किंमत वजा करा, दोन्ही वेळा अपूर्णांक सोडून. जे उरतं ते त्या अंकातल्या १ बिटांची संख्या. ७ मधून ३ आणि १ गेले, उरले ३. ५ मधून २ आणि १ गेले, उरले २. ४ मधून २ आणि १ गेले, उरला १. सगळ्या अंकांवर ही क्रिया एकाच वेळी होते; शेजारच्या अंकातले बिट सरकून मिसळू नयेत म्हणून सगळे ३ आणि सगळे १ असलेल्या अष्टमानी संख्यांनी मधले बिट गाळून घ्यायचे. मग शेजारशेजारचे दोन अंक मिळवून सहा बिटांचा एक गट करायचा. आता या सगळ्या गटांची बेरीज हवी, आणि ती करण्यासाठी संख्येला फक्त ६३ ने भागून बाकी घ्यायची. ६४ च्या पायात ६३ चं काम तेच, जे ८ च्या पायात ७ चं. छत्तीस बिटांच्या शब्दात उत्तर ३६ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून बाकी हेच उत्तर. कुठेही एकेक बिट मोजत बसावं लागत नाही.

आता पाया स्वतः घन असण्याचा परिणाम पाहू. दशमानात ११ मूळ आहे, १०१ मूळ आहे. अष्टमानात [११], [१०१], [१००१], [१०००१] अशी रांग कितीही लांबवली तरी त्यात एकही मूळ संख्या सापडत नाही. ८ चा कुठलाही घात हा घनच असतो, आणि दोन घनांच्या बेरजेचे अवयव पडतातच: २ च्या त्याच घातापेक्षा एकने मोठी संख्या हा एक अवयव. [११] म्हणजे ३ गुणिले ३, [१०१] म्हणजे ५ गुणिले १३, [१००१] म्हणजे ९ गुणिले ५७, [१०००१] म्हणजे १७ गुणिले २४१. १ आणि १ यांच्यामध्ये शून्यं किती हे मोजलं की एक अवयव लगेच सांगता येतो.

सगळे अंक १ असलेल्या संख्यांचंही तसंच. [११] संयुक्त, [१११] म्हणजे ७३ मूळ, आणि त्यानंतर एकही नाही. [११११] म्हणजे ५८५, त्याचे अवयव उघड आहेत. असं का? 'न' वेळा (न म्हणजे कोणतीही एक संख्या) १ लिहून होणाऱ्या संख्येची सातपट म्हणजे ८ चा न-वा घात वजा १, आणि तो दोन घनांचा फरक. त्याचा एक अवयव २ चा न-वा घात वजा १, दुसरा त्याहून मोठा. न चार किंवा जास्त असेल तर दोन्ही अवयव ७ पेक्षा मोठे. ७ मूळ असल्यामुळे दोहोंपैकी एकाला त्याने भाग जातोच, आणि भागाकारानंतरही दोन्ही बाजूंना १ पेक्षा मोठा अवयव उरतो. संपलं. दशमानात सगळे १ असलेल्या मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत हे आजही कुणी सिद्ध केलेलं नाही. अष्टमानात तो प्रश्न चार ओळींत सुटतो.

आता वर्ग. मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच.

विषम संख्यांचे वर्ग अष्टमानात लिहा: [१], [११], [३१], [६१], [१२१], [१७१], [२५१], [३४१]. हे अनुक्रमे १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ यांचे वर्ग. प्रत्येकाचा शेवटचा अंक १. आता तो १ खोडा आणि काय उरतं ते पाहा: ०, १, ३, ६, मग [१२] म्हणजे १०, [१७] म्हणजे १५, [२५] म्हणजे २१, [३४] म्हणजे २८. या त्रिकोणी संख्या आहेत (१, १ अधिक २, १ अधिक २ अधिक ३ अशा बेरजा), ओळीने, एकही न गाळता. कारण सोपं आहे. विषम संख्या म्हणजे दुपटीहून एकने मोठी. तिचा वर्ग केला की लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट अधिक १ मिळतो. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्रिकोणी संख्येची दुप्पट. चारची दुप्पट आठ, आणि आठने गुणणं म्हणजे अष्टमानात अंक एक घर डावीकडे सरकवणं. म्हणून एखादी संख्या त्रिकोणी आहे का हे तपासायचं असेल तर तिच्या शेवटी अष्टमानातला १ लिहा आणि वर्गमूळ काढा. हे सूत्र बीजगणितात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते असं डोळ्यांनी दिसतं ते अष्टमानातच.

वरच्या आठ वर्गांचे शेवटचे दोन अंक पुन्हा बघा: ०१, ११, ३१, ६१, २१, ७१, ५१, ४१. एककस्थानी १ असलेल्या आठही जोड्या आल्या, प्रत्येक एकदाच. यामागे आणखी खोल गोष्ट आहे. दशमानात विषम वर्गाचा दशकाचा अंक नेहमी सम असतो, म्हणून ११, ३१ किंवा ७१ यांवर संपणारा पूर्ण वर्ग असूच शकत नाही. अष्टमानात तसं कुठलंही बंधन नाही. शेवटचा अंक १ एवढी अट पाळून तुम्ही कितीही लांब शेपूट लिहा, नेमक्या त्या शेपटावर संपणारा वर्ग सापडतोच. विषम संख्येच्या बाबतीत एककाच्या अंकाने जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. त्याच्या डावीकडचे अंक नवी अडचण कधी आणत नाहीत. चारच्या किंवा दोनच्या पायात हे खरं नाही. आठ हाच तो सर्वांत छोटा पाया आहे जिथे २ च्या घातांपुरता वर्गांचा सगळा निकाल एका अंकात मावतो.

सम वर्गांचं थोडक्यात: ते ०४, ४४, २० किंवा ०० यांवर संपतात. म्हणजे कुठल्याही वर्गाचा एकक ०, १ किंवा ४. घनांचं वागणं निराळं आहे. विषम संख्येच्या घनाचा एकक त्या संख्येच्याच एककाइतका असतो: ३ चा घन [३३], ५ चा [१७५], ७ चा [५२७]. आणि एखाद्या घनाच्या शेवटी एक शून्य वाढवलं तर तो घनच राहतो. वर्गाला मात्र दोन शून्यं लागतात.

एकक ०, १, ४ यांपैकीच, एवढ्या माहितीवर एक जुना आणि सुंदर प्रश्न उलगडतो. तीन वर्ग घेऊन बेरीज केली तर एककस्थानी ७ येईल का? ०, १, ४ यांतून कुठलेही तीन निवडा, आठने भागून बाकी ७ कधीच येत नाही. म्हणून [७], [१७], [२७] अशी ७ वर संपणारी कोणतीही संख्या तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही. तिला चौथा वर्ग लागतोच. चार वर्ग मात्र कुठल्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. तीन वर्ग नेमके कोणाला पुरत नाहीत याचा पूर्ण निकाल लजांद्रने १७९८ मध्ये दिला, आणि गाऊसने १८०१ मध्ये त्याची भक्कम सिद्धता दिली. अष्टमानात तो निकाल असा वाचता येतो: शेवटची शून्यं जोडीजोडीने खोडा. उरलेली संख्या ७ वर संपत असेल, किंवा ३४ वा ७४ वर, किंवा ६० वर संपत असून त्या ६० च्या लगेच डावीकडे विषम अंक असेल, तर तीन वर्ग पुरणार नाहीत. बाकी सगळ्यांना पुरतात. दशमानात हाच नियम ४ ने भागत भागत तपासावा लागतो.

या निकालाचा एक उपसिद्धांत अष्टमानात इतका मोकळा दिसतो की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १० जुलै १७९६ रोजी गाऊसने आपल्या रोजनिशीत 'युरेका' असं लिहून नोंद केली की प्रत्येक संख्या तीन त्रिकोणी संख्यांची बेरीज असते. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्या शेवटी अष्टमानात ३ लिहा. शेवटचा अंक ३ असल्यामुळे ही नवी संख्या वरच्या निषिद्ध यादीत येत नाही, म्हणून ती तीन वर्गांची बेरीज आहे. ०, १, ४ यांतून एककस्थानी ३ यायला एकच वाट आहे, १ अधिक १ अधिक १. म्हणजे तिन्ही वर्ग विषम. आता सगळ्यांचे शेवटचे अंक खोडा. डावीकडे तुम्ही घेतलेली संख्या उरली, उजवीकडे तीन त्रिकोणी संख्या. उदाहरणार्थ १२ म्हणजे [१४]. शेवटी ३ लिहून [१४३] म्हणजे ९९, आणि ९९ म्हणजे ४९, ४९ आणि १ यांची बेरीज: [६१], [६१], [१]. शेवटचे अंक खोडले की ६ अधिक ६ अधिक ०. बारा.

परिपूर्ण संख्या याच वाटेवर भेटतात. स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांची बेरीज जितकी, तितकीच जी संख्या, ती परिपूर्ण. ६, २८, ४९६, ८१२८ आणि ३३५५०३३६ या पहिल्या पाच. अष्टमानात त्या अशा दिसतात: [६], [३४], [७६०], [१७७००], [१७७७७००००]. सम परिपूर्ण संख्या द्विमानात लिहिली तर एखाद्या मूळ संख्येइतके १ आणि त्याहून एक कमी इतकी ०, असं तिचं रूप असतं, हे युक्लिड आणि ऑयलर यांच्या कामातून निघतं. तीन-तीन बिटांचे गट पाडले की दोनच साचे उरतात: १ नंतर साती आणि मग शून्यं, किंवा साती, मग एक ६, मग शून्यं. सहावी परिपूर्ण संख्या ८५८९८६९०५६ दुसऱ्या साच्यातली, [७७७७७६०००००]. २८ एकटी वेगळी पडते, कारण ३ च्या पटीतली मूळ संख्या ३ ही एकच आहे. आता वरची तीन वर्गांची कसोटी यांना लावून बघा. [३४] निषिद्ध. [७६०] मध्ये ६० च्या डावीकडे ७, निषिद्ध. [१७७००] ची शून्यं खोडली की शेवटी ७, निषिद्ध. ६ सोडली तर एकही सम परिपूर्ण संख्या तीन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. सिद्धता दशमानातही अवघड नाही, पण असा प्रश्न विचारावा हेच दशमानात कुणाला सुचेलसं मला वाटत नाही.

शेवटी मूळ संख्या. २ सोडली तर मूळ संख्येचा अष्टमानातला एकक १, ३, ५ किंवा ७. हे चार अंक आपसात छान वागतात: प्रत्येकाचा वर्ग १ वर संपतो, आणि ३, ५, ७ यांतल्या कोणत्याही दोघांचा गुणाकार तिसऱ्यावर संपतो. ३ गुणिले ५ म्हणजे [१७], ३ गुणिले ७ म्हणजे [२५], ५ गुणिले ७ म्हणजे [४३].

मूळ संख्येचा एकक तिच्याबद्दल काय सांगतो ते पाहा. एकक १ किंवा ५ असेल तर ती दोन वर्गांची बेरीज असते. एकक १ किंवा ३ असेल तर ती एक वर्ग आणि दुसऱ्या वर्गाची दुप्पट यांची बेरीज. एकक १ किंवा ७ असेल तर ती एक वर्ग वजा दुसऱ्या वर्गाची दुप्पट. १३ म्हणजे [१५], आणि ती ९ अधिक ४. ११ म्हणजे [१३], आणि ती ९ अधिक १ ची दुप्पट. २३ म्हणजे [२७], आणि ती २५ वजा १ ची दुप्पट. एकक १ असलेल्या मूळ संख्येला तिन्ही रूपं मिळतात: ७३, म्हणजे [१११], ही ६४ अधिक ९ आहे, १ अधिक ३६ ची दुप्पट आहे, आणि ८१ वजा ४ ची दुप्पटही आहे. यातली एक बाजू तुम्ही स्वतः एका मिनिटात पडताळू शकता: वर्गांचा एकक ०, १, ४ यांपैकी आहे एवढं वापरलं की बाकीचे एकक बाद होतात. उलट बाजू, म्हणजे एकक जुळला की तसं रूप मिळतंच, ही खोल आहे. फर्माने ती सांगितली आणि तिच्या सिद्धतांना पुढे ऑयलर आणि लाग्रांज यांचे कष्ट लागले.

यातल्या तिसऱ्या प्रकाराचा, एकक १ किंवा ७ याचा, एक व्यवहारी उपयोग आहे. २ च्या विषम मूळ घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मर्सेन संख्यांचे मूळ अवयव शोधताना फक्त १ किंवा ७ वर संपणारे उमेदवार घ्यायचे, बाकीचे सरळ सोडायचे. २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, अष्टमानात [३७७७]. तिचे अवयव २३ आणि ८९, म्हणजे [२७] आणि [१३१]. मोठ्या मर्सेन संख्यांचे अवयव शोधणारे प्रोग्रॅम ही चाळणी आजही लावतात, आणि त्यामुळे निम्मं काम वाचतं.

एकक १, ३, ५, ७ या चार गटांत मूळ संख्या सारख्या वाटल्या गेल्या आहेत का? डिरिश्लेने १८३७ मध्ये दाखवलं की प्रत्येक गटात त्या अनंत आहेत, आणि पुढे हेही सिद्ध झालं की लांब पल्ल्यात चौघांचा वाटा सारखाच. तरीही प्रत्यक्ष मोजायला बसलं की १ वर संपणारा गट बहुतेक वेळा मागे पडलेला दिसतो. १०० च्या आत पाहा: १ वर संपणाऱ्या १७, ४१, ७३, ८९, ९७ अशा पाच, ३ वर संपणाऱ्या सात, ५ वर सहा, ७ वर सहा. ४ ने भागल्यावरच्या बाकीबाबत अशीच तफावत चेबिशेवने १८५३ मध्ये नोंदवली होती, आणि रुबिनस्टाइन व सारनाक यांनी १९९४ मध्ये तिचा सविस्तर हिशेब मांडला. कारण आपण वर पाहिलेलंच आहे. रीमान या गणितज्ञाच्या मूळ संख्या मोजण्याच्या पद्धतीत त्या एकट्या येत नाहीत. त्यांच्यासोबत मूळ संख्यांचे वर्ग अर्ध्या वजनाने, घन तिसऱ्या हिश्श्याने, असे येतात, आणि समसमान वाटणी होते ती या सगळ्या मेळाची. विषम मूळ संख्यांचे वर्ग तर सगळेच्या सगळे १ वर संपतात. त्यांनी त्या गटातली जागा अडवली, म्हणून मूळ संख्या तिथे तेवढ्या कमी. १०० च्या आतले असे वर्ग ९, २५ आणि ४९, अष्टमानात [११], [३१] आणि [६१]. प्रत्येकी अर्धा धरून दीड होतात. ते पाचात मिळवले की १ च्या गटाचे साडेसहा होतात, आणि बाकीच्या तिघांचे सात, सहा आणि सहा.